मनालीच्या बर्फात स्वतःची गाडी न्यायची तर चेन लागते का?

तुमचा प्रश्न असा : जानेवारीत पुण्याहून स्वतःची हॅचबॅक घेऊन मनाली, अटल बोगदा आणि त्यापलीकडचं लाहौलमधलं सिस्सू गाव करायचं आहे, सोबत बायको आणि दोन लहान मुलं. टायरला चेन, म्हणजे बर्फावर पकड यावी म्हणून चाकाभोवती चढवायची साखळी, घ्यावी का आणि बर्फावर गाडी चालवायची कशी?

मी सातारा जिल्ह्यातला. फौजेत ड्रायव्हर होतो. तीन हिवाळे लडाखात लेहहून ‘खारदुंग ला’ ही खिंड ओलांडून नुब्राकडे रसद नेली. खिंडीच्या अलीकडे साउथ पुल्लूला चेन चढवायची आणि पलीकडे नॉर्थ पुल्लूला उतरवायची, हा रोजचा पाठ होता.

चेन जरूर घ्या, पण चेन जवळ आहे एवढ्या भरवशावर पुढे जायचं ठरवू नका.

चेन बसते ती इंजिनाची ओढ असलेल्या चाकांना. तुमच्या हॅचबॅकमध्ये ती पुढची चाकं. चढाला ती बर्फ छान धरतात. उताराला मात्र पुढची चाकं धरून ठेवतात आणि मागचा हलका भाग घसरून फिरायला बघतो. आमच्या ट्रकांचं याच्या उलट, चेन मागे. एकदा खारदुंग लावरून उतरताना माझ्या पुढच्या ट्रकच्या नव्या पोरानं सावलीतल्या वळणावर ब्रेक दाबला. स्टिअरिंग पूर्ण वळवलेलं, ट्रक मात्र नाकासमोर सरळ निघाला. कडेला डोझरनं लोटलेल्या बर्फाचा बांध होता, त्यात ट्रक रुतला म्हणून आतली दोघं वाचली. त्याच्या गाडीला चेन व्यवस्थित चढवलेली होती. वेग त्यानं वळणाआधीच, सरळ रस्त्यावर उतरवायला हवा होता.

म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा किंवा पहिला गिअर टाका आणि इंजिनालाच गाडी आवरू द्या. पुढच्या गाडीपासून इतकं अंतर ठेवा की मागचा माणूस हॉर्न वाजवेल. वाजवू द्या. बर्फावर गाडी थांबायला कोरड्या रस्त्याच्या कितीतरी पट जागा लागते. गाडी घसरलीच तर अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढा, जिकडे जायचं आहे तिकडे बघा आणि स्टिअरिंग हळूच तिकडे वळवा. थांबावंच लागलं आणि गाडीत एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेक दाबून धरा, पायाखाली थरथर जाणवेल, घाबरून पाय उचलू नका. चढावर निघताना चाक जागच्या जागी फिरत असेल तर दुसऱ्या गिअरमध्ये हलक्या पायानं काढा. चेन लावून ताशी २५–३० किलोमीटरच्या वर जाऊ नका.

ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा मला जास्त भीती वाटते ती दिसत नसलेल्या बर्फाची. दुपारी वितळलेलं पाणी ऊन सरलं की गोठतं आणि डांबर नुसतं ओलं दिसतं. टायरचा आवाज एकदम बंद झाला, स्टिअरिंग हलकं लागलं, की तुम्ही काचेवर आहात असं समजा. तिथे काही करू नका, ना ब्रेक ना झटका. हे टाळायचं तर सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर निघा आणि दुपारी तीनपर्यंत मनालीकडे परता. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या अडकल्या होत्या. हिमवृष्टी सुरू झाली की पोलीस खालीच गाड्या अडवतात, पुष्कळदा फक्त फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ओढ असलेल्या गाड्या, सोडतात. त्यांच्याशी हुज्जत घालू नका.

बोगद्याचं वेगळं सांगतो. आत ९.०२ किलोमीटर कोरडा रस्ता आहे. कोरड्या रस्त्यावर चेन तुटते, टायर खाते, आणि तुटलेलं टोक चाकाच्या आत गुंडाळलं गेलं तर ब्रेकचा पाइपही तोडू शकतं. म्हणजे अलीकडे चेन लावली असेल तर आत शिरण्याआधी ती उतरवायची. पलीकडे लाहौलमध्ये थंडी जास्त, आणि बाहेर पडल्या पडल्या चंद्रा नदीवरचा पूल. पुलाला खालूनही वारा लागतो, त्यामुळे तो रस्त्याच्या आधी गोठतो. बोगद्यातला वेग तसाच घेऊन पुलावर येऊ नका.

निघण्याआधी रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलेलं नाही ना, हे पाहा. आपल्याकडे ते चालून जातं, तिथे गोठून इंजिन फोडतं. पुण्याच्या उन्हात भरलेली हवा मनालीच्या थंडीत उतरते, तेव्हा तिथे सकाळी गार टायरवर तपासा. रात्री हँडब्रेक ओढू नका, तो गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा. आणि अडकलात तर हीटरसाठी इंजिन चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजलं तर धूर आत येतो आणि कळतही नाही. मुलं सोबत आहेत म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

माझं मत विचाराल तर, पहिल्याच खेपेला दोन मुलांना घेऊन रस्त्यावर बर्फ असेल तर गाडी मनालीतच ठेवा. तिथल्या फोर बाय फोर टॅक्सीनं सिस्सूला जाऊन या. तिथला ड्रायव्हर दरवर्षी हाच रस्ता करतो. हवामान स्वच्छ आणि रस्ता कोरडा असेल तर तुमची गाडी खुशाल न्या, चेन डिकीत असू द्या.

चेन टायरच्या मापाचीच घ्या, माप टायरच्या कडेवर लिहिलेलं असतं. आणि पुण्यातच पार्किंगमध्ये हातमोजे घालून, अंधारात, दोन-तीनदा चढवून उतरवून पाहा. पहिल्यांदा अर्धा तास लागेल. दहा मिनिटांवर आलं की निघा.