पॅनल टिकतं, मग गावाची सोलर वीज का बंद पडते?

गावापुरता सोलर मायक्रोग्रिड, म्हणजे पॅनल, बॅटरी आणि तारांचं गावाचं स्वतःचं छोटं वीजजाळं, किती भरवशाचा, असं तुम्ही विचारलंय. पॅनल सहसा दगा देत नाही, 20-25 वर्षं चालतं. घात होतो तो बॅटरीत, आणि त्याहून जास्त पैशांच्या व्यवस्थेत.

बिहारमधल्या जहानाबाद जिल्ह्यातलं धरनई बघा. 2014 मध्ये ग्रीनपीस या पर्यावरणवादी संस्थेच्या पुढाकाराने तिथे 100 किलोवॅटचा मायक्रोग्रिड सुरू झाला. देशभर कौतुक झालं. पण फ्रीजसारखा जड भार त्याला पेलत नव्हता आणि लोकांना 'असली बिजली', म्हणजे सरकारी तारेवरची वीज, हवी होती. थोड्याच काळात सरकारी वीज आली, तीही स्वस्त. मग सोलरचे जादा पैसे कोण भरणार? काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, नव्या आल्या नाहीत, प्रकल्प बंद पडला. मला याचं फार वाईट वाटतं, कारण सूर्य तर रोज उगवतच होता.

लेड-ॲसिड बॅटरी रोज निम्म्याहून जास्त उतरवली, वर डिस्टिल्ड वॉटर घालायचं राहिलं, की ती लवकर जाते. लिथियमची जास्त टिकते, पण सुरुवातीलाच मोठा खर्च. आपल्या सह्याद्रीतल्या वाड्यांवर जुलैमध्ये दिवसेंदिवस ऊन दिसत नाही; तिथे निदान दोन-तीन दिवसांचा साठा हवाच.

बसवणार असाल तर पहिल्याच महिन्यापासून बॅटरीसाठी पैसे वेगळे काढा, आणि गावातल्याच कुणाला तरी दुरुस्ती शिकवून त्याचा पगार ठरवा.