एप्रिल आला की पोटात गोळा: लीफ्सवाल्यांचे प्रश्न

मागच्या अंकात जाता जाता टोरांटो मेपल लीफ्सबद्दल दोन ओळी काय लिहिल्या, मेलचा ढीग पडला. ऑक्टोबर आहे, २०२५-२६ चा सीझन सुरू होतोय, तर या वेळचं सदर अख्खं हॉकीला देऊन टाकलं. बर्फावरची हॉकी हां, धनराज पिल्लेवाली नाही. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत, गावं दिलीयेत.

मी डोंबिवलीहून मुलाकडे मिसिसागाला आलेय. मे महिन्यात एका रविवारी मॅच संपली आणि मुलगा न जेवता झोपायला गेला. सून म्हणाली, आई आज काही बोलू नका. आणि हे सगळे सारखं १९६७, १९६७ करतात ते काय आहे? तेव्हा तर माझं लग्नपण झालं नव्हतं.

काकू, तो रविवार १८ मे होता आणि त्या रात्री निम्म्या टोरांटोला जेवण गेलं नाही. फ्लोरिडाविरुद्ध सातवी मॅच, म्हणजे चार जिंकेल तो पुढे अशा सिरीजमधली शेवटची, घरच्या मैदानात, ६-१ ने हरलो. मुलाला काही म्हणू नका.

आता १९६७. स्टॅनली कप म्हणजे या खेळातला सगळ्यात मोठा कप, आणि लीफ्सनी तो शेवटचा उचलला २ मे १९६७ ला, मॉन्ट्रियलला ३-१ हरवून. तेव्हा लीगमध्ये (एनएचएल) टीमच होत्या सहा, आज ३२ आहेत. मजा म्हणजे ती टीम अक्षरशः म्हाताऱ्यांची होती, एक गोलकीपर जॉनी बॉवर ४२ वर्षांचा, दुसरा टेरी सॉचक ३७ चा, सेंटरला खेळणारा रेड केली ३९ चा, आणि तो गडी मधली तीन वर्षं खेळता खेळता कॅनडाच्या संसदेत खासदारपण होता! कॅप्टन जॉर्ज आर्मस्ट्राँगने शेवटच्या मिनिटात रिकाम्या गोलमध्ये पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) ढकलला आणि संपलं. त्यानंतर कप सोडा, लीफ्स फायनललासुद्धा पोचलेले नाहीत.

जिथे हे झालं ते मेपल लीफ गार्डन्स कार्ल्टन स्ट्रीटवर अजून उभं आहे, खाली आता लॉब्लॉजचं किराणा दुकान आहे आणि जिथे मैदानाचा मध्य होता तिथे फरशीवर लाल ठिपका आहे. परत जायच्या आधी सुनेला घेऊन जाऊन या, भाजी पण होईल आणि दर्शन पण.

ब्रॅम्प्टनला कॉलेजला आहे, मूळ नाशिकचा. रोज सकाळी टिम हॉर्टन्सची डबल डबल कॉफी पितो. रूममेट म्हणतो टिम हॉर्टन खरा माणूस होता आणि हॉकी खेळायचा. फेकतोय का?

नाही रे, खरं बोलतोय. टिम हॉर्टन लीफ्सचा डिफेन्समन, १९६२, ६३, ६४ आणि ६७ या चारही कपांच्या वेळी टीममध्ये होता. ताकदीला राक्षस पण मारामारीपेक्षा समोरच्याला घट्ट मिठी मारून धरून ठेवायचा. त्या काळात खेळाडूंना पैसे बेताचेच, म्हणून १९६४ ला हॅमिल्टनमध्ये डोनटचं दुकान टाकलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये, तेव्हा तो बफेलोकडून खेळायचा, टोरांटोची मॅच खेळून रात्री गाडी चालवत परत जाताना सेंट कॅथरिन्सजवळ अपघातात गेला. आज त्याच्या नावाची कॉफी सगळे पितात, त्याचा खेळ पाहिलेले मात्र थोडेच उरलेत.

मी स्कारबरोत राहतो, १९७५ साली आलो. पहिल्याच हिवाळ्यात शेजाऱ्याच्या टीव्हीवर डॅरिल सिटलरची दहा पॉइंट्सची मॅच पाहिली, नियम काही कळत नव्हते पण शेजारी सोफ्यावर उभा राहून ओरडत होता. नातू म्हणतो आजोबा एका मॅचला दहा होऊच शकत नाहीत. त्याला छापील उत्तर द्या. आणि सालमिंगबद्दल पण लिहा, तो माझा सगळ्यात लाडका.

आजोबा, तुमचं बरोबर, नातू चूक. ७ फेब्रुवारी १९७६, शनिवार, समोर बोस्टन ब्रुइन्स, लीफ्स ११-४ ने जिंकले आणि त्यात सिटलरचे सहा गोल, चार असिस्ट (म्हणजे दुसऱ्याच्या गोलला दिलेले पास), प्रत्येकाचा एक पॉइंट. ग्रेट्झकी आला, लेम्यू आला, आता मॅकडेव्हिड आहे, दहाचा आकडा कुणाला गाठता आलेला नाही. त्याच एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाविरुद्ध प्लेऑफच्या (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांच्या) एका मॅचला पाच गोल, आणि सप्टेंबरात कॅनडा कप या देशादेशांच्या स्पर्धेच्या फायनलला ओव्हरटाइममध्ये जिंकून देणारा गोल. एका माणसाचं एक वर्ष!

आणि तरीही या टीमने कप का नाही आणला, तर मालक. हॅरॉल्ड बॅलर्ड. १९७२ पासून १९९० ला मरेपर्यंत क्लब त्याच्या मुठीत, मध्ये फसवणुकीसाठी तुरुंगातपण जाऊन आला. डिसेंबर १९७९ ला सिटलरचा जिगरी दोस्त लॅनी मॅकडॉनल्डला कोलोरॅडोला पाठवून दिला, गार्डन्सबाहेर लोकांनी निदर्शनं केली, आणि सिटलरने पुढच्या मॅचच्या आधी आपल्या जर्सीवरचं कॅप्टनचं अक्षर स्वतःच्या हाताने काढून टाकलं. दोन वर्षांनी त्यालाही पाठवलंच. बॅलर्डबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही, मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये वगैरे ठीक आहे.

बोर्ये सालमिंग स्वीडनहून १९७३ ला आला तेव्हा इथल्या लोकांना वाटायचं की युरोपातले खेळाडू नाजूक, दोन धक्के दिले की रडतील. त्याला प्रत्येक मैदानात ठोकलं, काठीने हाणलं, आणि हा गप उठून परत पकसमोर आडवा पडायचा. सोळा सीझन लीफ्सकडे. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पहिला स्वीडिश. नोव्हेंबर २०२२ मध्ये एएलएस हा स्नायू निकामी करणारा आजार झालेला असताना त्याला टोरांटोला आणलं, बोलता येत नव्हतं, सिटलर शेजारी उभा राहून त्याचा हात वर धरत होता, आणि त्या शनिवारी लीफ्सनी सुरुवातीला बर्फावर सगळे स्वीडिश खेळाडू उतरवले. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तो गेला. कप नव्हता त्याच्याकडे. पण टाळ्या ऐकल्या असतील तुम्ही.

मॉन्ट्रियलहून एक खोडसाळ पत्र: तुमच्याकडे आठवणी, आमच्याकडे २४ कप. केन ड्रायडनसारखा गोलकीपर तुमच्याकडे कधी झाला का?

बरं बरं. ड्रायडन सप्टेंबरमध्येच गेला, ७८ व्या वर्षी, त्यामुळे भांडत नाही. १९७१ ला सीझनच्या फक्त सहा मॅच खेळलेला हा वकिलीचा विद्यार्थी थेट प्लेऑफला उभा केला, बॉबी ऑरच्या बोस्टनला घरी पाठवलं, कप जिंकला आणि प्लेऑफचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, मग पुढच्या वर्षी त्याला सर्वोत्तम नवख्याचं बक्षीस मिळालं, म्हणजे क्रमच उलटा! मध्ये पगारावरून बिनसलं तर अख्खं १९७३-७४ खेळलाच नाही, टोरांटोला येऊन वकिलीची उमेदवारी केली. सहा कप, आणि ३१ व्या वर्षी रिटायर. खेळ दुसऱ्या टोकाला असला की काठीवर हनुवटी टेकून उभा राहायचा तो फोटो सगळ्यांनी पाहिलाय.

पण एक सांगतो, तो वाढला टोरांटोच्या एटोबिकोमध्ये, १९९७ पासून काही वर्षं लीफ्सचा प्रेसिडेंट होता, आणि नंतर खासदार झाला तो पण टोरांटोतूनच. त्यामुळे अर्धा आमचा.

१९९३ चं नाव काढलं की माझा नवरा ग्रेट्झकीला शिव्या देतो. ग्रेट्झकी तर देवमाणूस ना? (ओकव्हिल)

कॅनडाभर देवमाणूस, टोरांटोत नाही. १९९३ ची सेमीफायनल, लॉस एंजेलिसविरुद्ध, सात मॅचच्या सिरीजमध्ये लीफ्स ३-२ पुढे. सहाव्या मॅचला वेंडल क्लार्कने हॅटट्रिक करून बरोबरी आणली, ओव्हरटाइम सुरू झाला, आणि ग्रेट्झकीची काठी डग गिलमोरच्या हनुवटीला लागली, रक्त आलं. रेफरी केरी फ्रेझरने पेनल्टी दिली नाही. थोड्याच वेळात गोल कुणी केला? ग्रेट्झकीने. सातव्या मॅचला टोरांटोत येऊन वर हॅटट्रिक. ५-४. फायनलला समोर मॉन्ट्रियल होतं, विचार करा काय झालं असतं.

तुमच्या मिस्टरांचा राग रास्त आहे पण मला त्या वर्षातलं आठवतं ते गिलमोर. वजन जेमतेम, चेहरा ओढलेला, आणि प्लेऑफच्या २१ मॅचमध्ये ३५ पॉइंट्स. मोठा खेळाडू म्हणजे काय हे टोरांटोत त्याच्यावरून ठरतं, सीझनच्या आकड्यांवरून नाही.

या टीमला शाप आहे का? आमच्याकडे गुरुजी आहेत, शांत करून घेता येईल. (मार्कम)

शापाची एक गोष्ट आहे खरी. बिल बॅरिल्कोने १९५१ ला ओव्हरटाइममध्ये गोल मारून कप जिंकून दिला आणि त्याच ऑगस्टमध्ये मासेमारीहून परतताना त्याचं छोटं विमान उत्तर ऑन्टारियोच्या जंगलात नाहीसं झालं. अकरा वर्षं सापडलं नाही, अकरा वर्षं कप नाही. एप्रिल १९६२ ला कप आला आणि जूनमध्ये अवशेष सापडले. अंगावर काटा येतो, मान्य.

पण आत्ताच्या दुखण्याला गुरुजी नकोत, हे आकडे वाचा. निर्णायक मॅच, म्हणजे हरलो तर घरी. २०१९ बोस्टन ५-१. २०२० कोलंबस ३-०. २०२१ मॉन्ट्रियल ३-१, सिरीजमध्ये ३-१ पुढे असून! २०२२ टॅम्पा २-१. २०२४ परत बोस्टन, ओव्हरटाइमला २-१. २०२५ फ्लोरिडा ६-१. सहा मॅच, मिळून पाच गोल. आणि हे कुणाचे, तर ऑस्टन मॅथ्यूजच्या टीमचे, ज्याने २०२३-२४ च्या सीझनमध्ये ६९ गोल मारले. लोक गोलकीपरला बोल लावतात, डिफेन्सला लावतात, पण एक गोल मारून सातवी मॅच कोण जिंकतं? मध्ये २०२३ ला तवारेसच्या ओव्हरटाइम गोलने टॅम्पाला हरवलं तेव्हा लोक रस्त्यावर नाचले, ती २००४ नंतरची पहिली सिरीज होती जिंकलेली. पहिली फेरी जिंकल्यावर नाचणारं शहर आहे आपलं.

माझं मत विचाराल तर पैशाची वाटणी चुकली. सॅलरी कॅपमध्ये एका टीमने एकूण किती खर्च करायचा ते ठरलेलं असतं, त्यातला जवळपास अर्धा मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर, तवारेस या चार फॉरवर्डना. मग तिसऱ्या-चौथ्या लाइनला (लाइन म्हणजे एकत्र उतरणारे तीन फॉरवर्ड) स्वस्तातले गडी, आणि प्लेऑफमध्ये समोरच्याने या चौघांना दाबलं की गोल मारणार कोण? फ्लोरिडाकडे तिसरी लाइनपण गोल मारत होती, फरक तिथे पडला.

पंजाबीत कॉमेंट्री असते, मराठीत का नाही? (कॅलगरी)

माणसं कमी पडतात आपली. पंजाबी प्रसारण २००८ ला सुरू झालं आणि २०१६ च्या फायनलला हरनारायण सिंगने बोनिनोच्या गोलवर त्याचं नाव जे ओरडून ओरडून घेतलं ते जगभर गाजलं. शिवाय खेळणारे पण त्यांचे, रॉबिन बावा १९८९ ला लीगमध्ये खेळला, भारतीय वंशाचा पहिला. आपल्यातला कुणी दिसला की आधी या सदराला कळवा.

मुलाचा साखरपुडा पुढच्या मेच्या दुसऱ्या शनिवारी ठरवतोय, हॉल मिळतोय. होणारे व्याही कट्टर लीफ्सवाले, ते म्हणतात तारीख बदला. त्या दिवशी लीफ्स खेळत असतील का? आणि मार्नर गेल्यावर काही आशा आहे का खरंच? (मिल्टन)

आधी हिशोब. ८२ मॅच, जिंकलात तर दोन पॉइंट्स, ओव्हरटाइममध्ये हरलात तरी एक. लीगमध्ये दोन कॉन्फरन्स, प्रत्येकात दोन डिव्हिजन. प्रत्येक डिव्हिजनचे पहिले तीन आणि प्रत्येक कॉन्फरन्समधल्या उरलेल्यांतले वरचे दोन (वाइल्ड कार्ड), असे एकूण सोळा संघ आत जातात. साधारण ९५ पॉइंट्स झाले की निवांत, मागच्या वेळी मॉन्ट्रियल ९१ वर पण गेलं. लीफ्सचे मागच्या सीझनला १०८ होते, डिव्हिजनमध्ये पहिले, आणि सलग नऊ वर्षं प्लेऑफला आहेत, तर आत जातील असं धरून चाला. पण घासून. १०२ पॉइंट्सचा मार्नर वेगासला गेला, त्याची जागा एका माणसाने भरत नाही. उलट बाजूला तवारेस कमी पैशात राहिला, तरुण फॉरवर्ड नाइज चांगला तयार झालाय, आणि फ्लोरिडाचा कॅप्टन बार्कोव्ह गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर आहे. कोच बेरुबेला आता तीन लाइन नीट वापराव्या लागतील आणि मला तेच हवंय.

मेचा दुसरा शनिवार म्हणजे दुसरी फेरी. तिथपर्यंत पोचणं १९६७ नंतर काही रोजचं नाही, तरी व्याह्यांसमोर हे बोलू नका. तारीख तीच ठेवा, मुहूर्त सकाळचा घ्या, जेवणं दोनपर्यंत उरका. मॅच असलीच तर बहुतेक संध्याकाळी सातच्या सुमारास असते, आणि हॉलवाल्याला मोठा टीव्ही आहे का तेवढं आत्ताच विचारून ठेवा, नंतर एक्स्ट्रा पैसे मागतात.