ऑनलाइन शिकायला व्हिडिओ बरे, लिखित धडे बरे की सराववाले कोर्स?

तुम्ही विचारलंय की व्हिडिओ, लिखित धडे, सराव असे इतके प्रकार आहेत तर घ्यायचं काय. मी यातले बरेचसे सुरू केलेत आणि खरं सांगायचं तर अर्धवटही सोडलेत, त्यामुळे सांगायचा थोडा हक्क आहे 😄

व्हिडिओतच दोन जाती आहेत. एक म्हणजे वर्गातलं लेक्चर जसंच्या तसं रेकॉर्ड केलेलं, एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाच्या ओपनकोर्सवेअर साइटवर अशी भरपूर आहेत आणि फुकट आहेत, पण तासभर घरी एकट्याने बसून ऐकायचं म्हणजे सोपं नाही. दुसरी खान अकॅडमीची, काळा स्क्रीन, त्यावर रंगीत अक्षरं उमटत जातात, मागून आवाज, चेहरा दिसतच नाही. २०१४ मध्ये एडएक्स नावाच्या साइटवरच्या ऑनलाइन कोर्सेसवर एक अभ्यास झाला होता, व्हिडिओ बघितल्याच्या जवळपास ६९ लाख नोंदी तपासल्या, तर दिसलं असं की व्हिडिओ कितीही लांब असो लोक साधारण ६ मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत, आणि नुसत्या स्लाइड्सपेक्षा असं लिहीत लिहीत शिकवलेलं जास्त वेळ बघतात.

पण व्हिडिओची गंमत अशी की बघताना सगळं कळतंय असं वाटतं. मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे व्हिडिओ मान डोलवत बघितले आणि मग कोरी फाइल उघडली तर पहिली ओळच सुचेना. मग कोडकॅडमीसारख्या साइटवर गेलो, तिथे ब्राउझरमध्येच कोड लिहायचा, चुकलं तर लगेच सांगतात. हे व्हिडिओपेक्षा नक्कीच बरं, पण महिनाभराने लक्षात आलं की मी विचार करतच नाहीये, सूचना वाचून गाळलेल्या जागा भरतोय. फ्रीकोडकॅम्प या कोडिंगच्या साइटवर सर्टिफिकेटसाठी प्रोजेक्ट स्वतः बनवावे लागतात, तिथे मी खरा अडकलो आणि जे काय शिकलो ते तिथेच.

लिखित धडे लोक उगाच कमी लेखतात. एखादी गोष्ट विसरलो की ४० मिनिटांच्या व्हिडिओत ती शोधत बसण्यापेक्षा डब्ल्यूथ्रीस्कूल्स या लिखित धड्यांच्या साइटचं पान उघडून अर्ध्या मिनिटात सापडते. लाइव्ह बॅचचा, म्हणजे ठरलेल्या वेळी सगळ्यांनी मिळून ऑनलाइन बसायच्या वर्गाचा, मला दिसलेला मोठा फायदा एकच, शनिवारी असाइनमेंट द्यायचीय म्हटल्यावर शुक्रवारी रात्री का होईना आपण बसतो.

आता मी व्हिडिओ बघतो तो उदाहरण मांडून होईपर्यंतच, मग पॉज, आधी स्वतः सोडवायचं, मग पुढे. तुम्हाला नक्की काय शिकायचंय ते कमेंटमध्ये टाका, बोलायची भाषा शिकायची असेल तर माझं उत्तर बरंच बदलेल.