२० बाय १० फुटांचा फ्लेक्स करायचाय. छापणारा ३०० डीपीआयची फाइल मागतोय, माझ्याकडे मोबाइलवर काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो आहे. चालेल का? फाइल कुठल्या फॉरमॅटमध्ये द्यावी?

चालेल. ३०० डीपीआय (इंचाला ३०० पिक्सेल) मागणारा एकतर ऑफसेटमधून, म्हणजे कागदावरच्या छपाईतून आलेला असतो, नाहीतर त्याला तुम्हाला कटवायचं असतं. माझं कराडकडे फ्लेक्सचं दुकान आहे आणि या ३०० वरून माझं घरातच वाजलेलं आहे, त्यामुळे थोडं लांबणार.

आमच्या दाजींचा ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, संस्थांचे अहवाल. माणूस कामात पक्का, पण फ्लेक्सवाले म्हणजे रंग फासणारे, हे त्यांचं ठाम मत. ऑफसेटला फोटो ठिपक्यांच्या जाळीतून उतरतो. गुळगुळीत कागदाला इंचाला १५० ओळींची जाळी धरतात आणि फोटोत त्याच्या दुप्पट पिक्सेल, म्हणजे झाले ३००. हातात धरून बघायच्या कागदाला हा हिशोब बरोबर आहे. दाजींनी मात्र तो आकडा देव्हाऱ्यात बसवलाय.

डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने बैलगाडी शर्यतींना परवानगी दिली आणि आमच्याकडे मैदानांचे फ्लेक्स धडाधड सुरू झाले. त्यातच दाजींच्या पुतण्याच्या बैलाने एक मैदान मारलं. चौकात अभिनंदनाचा बोर्ड लावायचा ठरला, तुमच्यासारखाच २० बाय १०. "फाइल मीच करणार, तुम्ही लोक फोटोची माती करता," हे दाजींनी चारचौघांत सांगितलं.

आता २० फूट म्हणजे २४० इंच. इंचाला ३०० धरले की रुंदीला ७२,००० पिक्सेल, उंचीला ३६,०००. साधी पीएसडी (फोटोशॉपची फाइल) ३०,००० पिक्सेलच्या पुढे जातच नाही. जेपेगची हद्द ६५,५३५. सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार रंगांत) उघडलेली ती फाइल दहा जीबीच्या वर. फॅट३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीच्या वरची फाइल बसत नाही, म्हणून दाजी हार्डडिस्क घेऊन दुकानात आले. रिपला (फाइल मशीनसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरला) टाकली तर ते तिथंच बसलं. दाजी म्हणाले, तुझं मशीनच भंगार आहे, आणि जेवायला गेले.

गंमत म्हणजे मूळ फोटो पुतण्याच्या मोबाइलवरचाच होता, ४,००० पिक्सेल रुंद. दाजींच्या ७२,००० मधले खरे पिक्सेल तेवढेच, बाकीचे फोटोशॉपने मधल्यामधे भरलेले. मी पोराकडून मूळ फोटो मागवला, बोर्डाच्या बारा फुटांत बैल बसवला (इंचाला २७-२८ पिक्सेल), अक्षरं कोरलमध्ये (डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये) टाकली आणि रात्रीतून छापून मोकळा झालो. सकाळी बोर्ड चढला. दाजी रस्त्याच्या पलीकडे उभे राहून म्हणाले, "बघ, ३०० ला कसा कडक आलाय!" मी तोंड उघडणार एवढ्यात ताईने डोळे वटारले. तेव्हापासून प्रत्येक लग्नकार्यात तो बोर्ड ३०० चा पुरावा म्हणून ऐकावा लागतो.

म्हणून इथे लिहून ठेवतो. चांगल्या नजरेला साधारण एक आर्क-मिनिटापर्यंतचा (एका अंशाच्या साठाव्या भागाचा) बारकावा दिसतो. बघणारा किती इंचांवर उभा आहे ते घ्या आणि ३,४३८ ला त्याने भागा. एक फुटावर येतात २८६, दाजींचे ३०० ते हेच. तीन फुटांवर ९५. वीस फुटांवर फक्त १४. ॲपलने २०१५ मध्ये आयफोन ६ ने काढलेले फोटो मोठमोठ्या होर्डिंगवर लावले होते. तो कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा, म्हणजे ३,२६४ पिक्सेल रुंद. वीस फुटांवर ताणला तर इंचाला चौदाही भरत नाहीत. ज्यांना पटत नाही त्यांनी टेप घेऊन चौकात जावं आणि बोर्ड किती लांबून बघतो ते मोजावं. नातं मोठं असलं म्हणून भागाकार बदलत नाही.

तुमचा फोटो ४,००० रुंद असेल तर पूर्ण वीस फुटांवरही इंचाला १६-१७ मिळतात. चौकात उंचावर लावायचा असेल तर बिनधास्त छापा. खरी माती व्हॉट्सॲपमुळे होते. साधा पाठवलेला फोटो तिथे आक्रसून जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ७२ डीपीआयचा फोटो फोटोशॉपमध्ये ३०० करून आणू नका, फाइल फुगते, बैलाचा केस वाढत नाही. अक्षरं फोटोत मिसळून देऊ नका, रफार आणि अनुस्वारांचे गोळे होतात. कोरलमध्ये कर्व्ह करून (फॉन्टऐवजी रेषांचे आकार करून) द्या किंवा पीडीएफ काढा. फोटो नुसता असेल तर जास्तीत जास्त क्वालिटीची जेपेग पुरते. मशीनवाला ७२० डीपीआय सांगतो तो शाईच्या थेंबांचा आकडा, त्याचा तुमच्या फोटोशी संबंध नाही.

एक राहिलंच. बरेच डिझायनर फुटाला इंच धरून फाइल करतात. २० बाय १० इंचाला ३०० म्हणजे ६,००० बाय ३,००० पिक्सेल, खऱ्या मापात इंचाला २५. तुमचा छापणारा हे म्हणत असेल तर तो बरोबर आहे, विचारून घ्या. आणि स्टँडी किंवा प्रदर्शनातला पॅनेल असेल, लोक दोन-तीन फुटांवर येऊन वाचणार असतील, तर मात्र १०० ते १५० पाहिजेच, तिथे १७ मध्ये भागणार नाही.

मशीन दहा फुटी आहे ना, तेही विचारा. लहान असेल तर जोड येणार. तो तोंडावरून जाऊ देऊ नका.