आई-बाबांना घेऊन पहिल्यांदाच बँकॉकला जातोय. पाच दिवस आहेत, दोघेही साठीच्या पुढचे आणि शाकाहारी. काय काय लक्षात ठेवू?

हॉटेल बघताना नाश्ता आणि स्विमिंग पूल नंतर बघा, आधी नकाशावर मेट्रो स्टेशन किती लांब आहे ते मोजा. मी बँकॉकला दोनदा गेलो, एकदा मित्रांबरोबर आणि एकदा आई-बाबांना घेऊन. पहिल्या वेळी चुकलो ते इथेच. स्वस्तात मोठी खोली मिळाली म्हणून खूश होतो, पण ती गल्लीच्या पार आत निघाली. तिथे गल्लीला 'सोय' म्हणतात, आणि आपली सोय-गैरसोय त्या सोयच्या लांबीवर ठरते. काही सोय किलोमीटरभर आत जातात. आम्ही पोरं घामाघूम होत चाललो, आई-बाबांना मी तसं चालवलं नसतं.

म्हणून दुसऱ्या वेळी असोक भागात राहिलो. तिथे बँकॉकच्या दोन मेट्रो, वरून जाणारी बीटीएस आणि जमिनीखालची एमआरटी, एकमेकींना भेटतात. मॉल-बाजाराकडे जायला बीटीएस, जुन्या शहरात जायला एमआरटी. दोन्हींची तिकिटं मात्र वेगळी. स्टेशनात लिफ्ट असते, पण प्रत्येक जिन्यापाशी नसते, तेव्हा गुडघे दुखत असतील तर लिफ्ट कोणत्या बाजूला आहे ते आधी बघून ठेवा. आणि आईला सांगा, पर्समध्ये ओढणी किंवा पातळ शाल ठेव. बाहेर भट्टी आणि डब्यात महाबळेश्वर, अशी गत असते.

विमानतळावरून शहरात यायला रेल्वे आहे, स्वस्त आणि वेगवान. पण सामान आणि ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर सरळ मीटरची टॅक्सी घ्या. मीटरवर विमानतळाचे 50 बाथ (बाथ म्हणजे तिथलं चलन) आणि उड्डाणमार्गाचा टोल वेगळा द्यावा लागतो, ती फसवणूक नाही. शहरात कुणी मीटर टाकायला नाही म्हणाला तर वाद न घालता दुसरी टॅक्सी बघा, किंवा ग्रॅब नाहीतर बोल्ट अ‍ॅपवरून मागवा. संध्याकाळी चार ते आठ मात्र कोणत्याच गाडीत बसू नका. पुण्या-मुंबईची सवय आहे म्हणून मीही हसलो होतो, आणि मग एका सिग्नलला गाडी इतका वेळ थांबली की बाबांची एक डुलकी काढून झाली.

जुन्या शहरासाठी सकाळ राखून ठेवा. राजवाडा, म्हणजे ग्रँड पॅलेस, साडेआठला उघडतो. दाराशी साडेआठलाच उभे राहा, दहानंतर ऊन आणि टुरिस्ट बसेस दोन्ही एकदम येतात. तिकीट 500 बाथ, म्हणजे तिघांचे दीड हजार. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. साडी, सलवार-कमीज उत्तम. बाबांना हाफ पँट घालू देऊ नका.

आता तिथली एक जुनी चलाखी. राजवाड्याच्या भिंतीपाशी इस्त्रीच्या कपड्यांतला एक गृहस्थ आम्हाला अगदी मायेने म्हणाला, "आज सकाळी पूजा आहे, एकपर्यंत बंद." तोवर दुसरी देवळं बघा म्हणाला, हा टुकटुकवाला वीस बाथमध्ये फिरवील. आम्ही बसलो. एक देऊळ दाखवलं, मग रत्नांचं दुकान, मग शिंप्याचं, मग परत रत्नांचं. राजवाडा अर्थातच दिवसभर उघडा होता. तेव्हा बंद आहे की नाही हे फक्त तिकीट खिडकीलाच विचारायचं, रस्त्यावर कुणी कितीही गोड बोललं तरी.

आत पाचूचा बुद्ध बघायला झुंबड असते (मूर्ती खरं तर पाचूची नाही, जेडसारख्या हिरव्या दगडाची आहे). आई-बाबा जास्त रमतील ते सभोवतालच्या ओवऱ्यांत. तिथल्या भिंतींवर 178 चित्रचौकटींत सबंध रामायण रंगवलंय. तिकडे त्याला रामकियन म्हणतात आणि रावणाला 'थोतसकन', म्हणजे आपला दशकंठ. माझ्या आईने गाइडशिवाय, नुसत्या चित्रांवरून अर्धी कथा ओळखली आणि उरलेल्या अर्ध्या कथेवर "असं कुठे आहे?" म्हणून आक्षेप घेतला. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही, हे मी तिला हॉटेलवर गेल्यावरच सांगितलं.

तिथून वाट फो जवळ आहे ('वाट' म्हणजे देऊळ). 46 मीटर लांबीचा निजलेला बुद्ध तिथलाच. शेजारच्या था तियन धक्क्यावरून होडीने नदी ओलांडली की समोर वाट अरुण. त्याच्या पायऱ्या फार उभ्या आहेत, आई-बाबांना खालूनच बघू दे. परतताना चाओ फ्राया नदीवरची नारिंगी झेंड्याची बोट धरा. कुठेही उतरा, भाडं एकच, वीस बाथच्या आत. सथोर्न धक्क्याला उतरलात की समोर बीटीएस. धक्क्यावर निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीची तिकिटं ओरडून विकतात. ती वाईट नाही, नुसती महाग आहे. एवढं एका सकाळीत पुरे. दुपारी दोन ते चार खोलीवर झोपा, खरंच.

आता जेवण, कारण तुमचा खरा प्रश्न तोच असणार. 'व्हेजिटेरियन' म्हटल्यावर मान डोलावतात, आणि भाजीत माशांचा सॉस पडतोच. त्याला 'नाम प्ला' म्हणतात आणि तो तिकडे आपल्या मिठासारखा वापरतात. त्यांच्या लेखी तो मांसाहार नाहीच. त्यामुळे एकच शब्द पाठ करा: 'जे'. 'किन जे' म्हणजे मी 'जे' जेवण खातो. चिनी बौद्ध परंपरेतला हा आहार. त्यात मांस, मासे, अंडी, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. आमची आई चातुर्मासात कांदा-लसूण सोडते, तिला हे ऐकून बँकॉकबद्दल एकदम आदर वाटायला लागला. दुकानावर पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं असतात, इंग्रजी 17 आकड्यासारखी दिसतात. फोनमध्ये फोटो ठेवा आणि शोधत चला. वर्षातून नऊ दिवस त्यांचा 'जे' उत्सव असतो, बहुधा आपल्या नवरात्रातच. कधीकधी महिनाभर पुढे सरकतो. तो गाठलात तर चायनाटाउनमध्ये खाण्याची चंगळ आहे.

घरच्या चवीची आठवण आली की फाहुरातला जा, साम योत स्टेशनपासून चालत जाता येतं. तिथे भारतीय दुकानं आहेत, मोठा गुरुद्वारा आहे आणि सकाळी लंगर मिळतो. गोडात आंबा आणि नारळाच्या दुधातला चिकट भात बिनधास्त खा. 'खानोम क्रोक' दिसलं तर थांबा. तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध, आणि भाजतात चक्क आपल्या आप्पेपात्रासारख्या साच्यात. आई त्या बाईच्या साच्याकडे टक लावून बघत होती. नशीब, विकत मागितला नाही.

पैशांचं थोडक्यात: तिथलं एटीएम दर वेळी दोनशेहून जास्त बाथ कापतं, तेव्हा एकदाच मोठी रक्कम काढा. मशीनने रुपयांत हिशेब करू का विचारलं तर नाही म्हणा.

तिथे पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत टीडीएसी हे आगमनाचं ऑनलाइन कार्ड भरायचं असतं. ते फुकट आहे; पैसे मागणारी साइट बनावट समजा. व्हिसाचे नियम बदलत राहतात, तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या साइटवर बघाच. बाबांना ई-सिगरेट कुणी भेट दिली असेल तर ती घरीच राहू दे, तिथे तिच्यावर बंदी आहे. आणि राजाबद्दल चेष्टेतही बोलू नका, त्यासाठी खरोखर तुरुंगवास होतो.

आई-बाबा विचारायला लाजतील म्हणून सांगतो: जवळपास सगळीकडे टॉयलेटमध्ये पाण्याचा फवारा असतो.

परतताना सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्ट तपासणीनंतर समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्प आहे. वासुकी, देव, दानव, वर विष्णू, सगळे जागेवर. फोटो काढल्याशिवाय बाबा हलणार नाहीत, आणि तिथून गेटपर्यंत बरंच चालायचं असतं, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरा.