चिमणी, हीटर आणि घरातल्या हवेचा दाब

एक्झॉस्ट फॅन आणि हीटरमुळे घरातल्या हवेचा दाब खरंच बदलतो का, असं तुम्ही विचारलंय. बदलतो. त्यापायी मी सहा महिने बोलणी खाल्लीत, म्हणून लिहायला बसले.

आमच्या पाहुण्यांच्या बाथरूममधून रोज संध्याकाळी गटाराचा वास यायचा. सासूबाईंचं निदान ठरलेलं: "नीट घासत नाहीस." नवरा मान डोलवायचा. फिनाइलच्या बाटल्या संपल्या, वास काही हटेना. मग लक्षात आलं, वास स्वयंपाकघरातली चिमणी चालू असतानाच येतो. त्याच वेळी मुख्य दाराची कडी काढली की दार आपणहून आत धावून यायचं. बाथरूमच्या फरशीतल्या, पाणी जायच्या जाळीवर टिश्यूची पट्टी धरली, तर ती चक्क वर फडफडली!

चिमणी ताशी हजारभर घनमीटर हवा बाहेर फेकू शकते. खिडक्या बंद, मग तेवढी हवा आत येणार कुठून? मिळेल त्या फटीतून. त्या बाथरूममध्ये कोणी आंघोळच करत नसल्यामुळे नहाणी ट्रॅपमधलं (जाळीखालच्या, पाणी साठवून गटाराचा वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं) पाणी आटलेलं, म्हणजे गटारापर्यंत रस्ता मोकळा. दोन मग पाणी ओतलं, खिडकी चार बोटं उघडी ठेवली, वास बंद. "चुकलं" असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

आतल्या-बाहेरच्या दाबातला फरक तसा पाच-दहा पास्कलचाच (पास्कल म्हणजे दाब मोजायचं एकक). बाहेरचा दाब लाखभर पास्कल, त्यामुळे कानाला काही कळत नाही. पण दोन चौरस मीटरच्या दारावर 10 पास्कल म्हणजे दोन किलोचा जोर.

हीटरने खोलीत दाब चढतो, असं आमच्याकडे एक जण अजून छातीठोकपणे सांगतो. खोली हवाबंद डबा असती तर चढला असता, अंशाला साडेतीनशे पास्कलच्या आसपास. पण फुगलेली हवा फटींतून निघून जाते. उरतं ते एवढंच: गरम हवा वरच्या फटींतून बाहेर, थंड हवा खालच्या फटींतून आत. बाहेर 0 आणि आत 20 अंश असलं, तरी उंचीच्या मीटरमागे फरक एक पास्कलही नाही.

आता, प्रत्येक वास ट्रॅप आटल्याचाच असतो असं नाही, पाइप फुटलेलाही असू शकतो. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: घरात गॅस गिझर असेल तर खिडक्या बंद ठेवून चिमणी लावू नका. जळका वायू उलटा घरात येतो, आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.