लहान जन्मलेल्या लेकीला बाळसं आणायची घाई

"हिच्या बापाला चौतिसाव्या वर्षी शुगर निघाली. तोही जन्मला तेव्हा एवढुसाच होता म्हणतात. मग हिचंही तसंच होणार का?" गुहागर तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावातून सात महिन्यांच्या लेकीला घेऊन आमच्याकडे तपासणीला आलेल्या आईचा हा प्रश्न. सोबत सासूबाई होत्या. त्यांचं म्हणणं वेगळं: "पोर किरटी आहे, बाळसं धरत नाही. कुठली पावडर द्यायची तेवढं सांगा." कमी वजनाचं बाळ घेऊन येणाऱ्या बहुतेक घरांत या दोन्ही काळज्या एकत्रच असतात, आणि दुसरीवरचा घाईचा उपाय पहिली काळजी खरी करू शकतो. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहोत. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी माता-बाल संरक्षण कार्ड उघडलं. दिवस पूर्ण भरून जन्म, वजन 2 किलो 100 ग्रॅम. अडीच किलोच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ. आता सात महिने पूर्ण, वजन 6 किलो 300 ग्रॅम. अंगणवाडी सेविकेने दर महिन्याला कार्डावरच्या वाढीच्या आलेखात वजनाचं टिंब नेमाने मांडलं होतं. रेघ हिरव्या पट्ट्याच्या खालच्या कडेजवळून, पण न थांबता वर चढत होती. घरात मात्र तुलना चालली होती शेजारच्या नऊ किलोच्या मुलाशी. लांबीची नोंद कार्डावर नव्हती. ती बहुतेक कार्डांवर नसते, आणि ही उणीव फार महागात पडते. बाळाला फळीवर आडवं झोपवायचं, एकाने डोकं वरच्या पाटीला टेकवून धरायचं, दुसऱ्याने गुडघे हलकेच सरळ करून तळव्याला पाटी लावायची. मोजली तर 64 सेंटिमीटर भरली. लांबीच्या मानाने वजन ठीक होतं. म्हणजे ही मुलगी रोड नव्हती. ती लहान होती, आणि तिच्या तिच्या चालीने वाढत होती.

मग आईच्या प्रश्नाकडे वळलो. तिला सरळ सांगितलं की काही ठरून गेलेलं नाही. शरीराचा एक कल असतो, आणि तो ओळखून वागता येतं. पोटात बाळाला अन्न कमी पोचलं की ते मेंदूला आधी देतं आणि बाकीच्या अवयवांवर काटकसर करतं. स्नायू कमी बनतात. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी कमी पडू शकतात. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, नंतर नव्या होत नाहीत. त्या कमी असल्या तर पुढे रक्तदाब चढायची शक्यता वाढते. चरबी मात्र तितकी घटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतली नवजात बाळं मोजली, तेव्हा सरासरी वजन 2.7 किलोच्या आसपास निघालं. इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचं 3.5 किलो. आपली बाळं हडकुळी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली.

काटकसरीवर घडलेल्या शरीरावर पुढे भराभर वजन चढलं की इन्सुलिनची यंत्रणा अपुरी पडते. दिल्लीत 1969 ते 1972 दरम्यान जन्मलेल्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला होता. 2004 साली त्याचे निष्कर्ष आले: तरुण वयात ज्यांची साखर वाढलेली निघाली, ती पहिल्या दोन वर्षांत बारीक होती आणि दोन ते बारा या वयात उंचीच्या मानाने त्यांचं वजन इतरांपेक्षा जास्त वेगाने वाढत गेलं होतं. वयाच्या बाराव्या वर्षी त्यांतलं कुणीही लठ्ठ नव्हतं. बाबांच्या शुगरचं नेमकं कारण आम्ही सांगू शकत नाही, तिथे आनुवंशिकताही असते. पण लेकीच्या बाबतीत काय करायचं ते यातून स्पष्ट होतं: पहिली दोन वर्षं लांबी, स्नायू आणि रक्त यांसाठी भरपूर द्यायचं, आणि नुसती चरबी चढवणारं काही द्यायचं नाही.

सासूबाईंना हे पटायला ताटातलंच दाखवावं लागलं. बाळाला सकाळी पेजेचं पाणी, दुपारी चहात बुडवलेली बिस्किटं, रात्री बाटलीतून डब्याचं दूध, तेही डबा पुरावा म्हणून अर्ध्या मापाने. सात महिन्यांच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण 200 मिली मावतं. ते पाण्याने भरलं की पोट फुगतं, बाळ गप्प झोपतं, आणि घरच्यांना वाटतं जेवलं. चहातलं टॅनिन लोह शोषू देत नाही, बिस्किटांत साखर आणि मैदा. बाटलीची बुचं विहिरीच्या पाण्यात विसळलेली. पावसाळ्यात भरून आलेल्या विहिरीचं न उकळलेलं पाणी म्हणजे जुलाब, आणि दर जुलाबाला वाढीची रेघ आडवी होते.

बदल घरातल्याच वस्तूंनी केला. अंगावरचं दूध चालू, बाटली बंद. नाचणी रात्रभर भिजवून फडक्यात बांधायची, एक-दोन दिवसांत मोड येतात, मग सावलीत सुकवून अगदी मंद भाजून दळायची. हे मे महिन्यातच उरकावं. पावसात ती सुकत नाही आणि बुरशी धरते. पीठ वस्त्रगाळ करून सत्त्व काढायची आपल्याकडे पद्धत आहे, पण त्या चोथ्याबरोबर कॅल्शियम आणि लोहही बरंच जातं. बारीक चाळणीने चाळलं तरी पुरतं. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ, एक चमचा भाजलेल्या मुगाचं पीठ, साधारण वाटीभर पाणी, सहा-सात मिनिटं शिजवायचं, उतरवताना एक छोटा चमचा खोबरेल किंवा तूप. मोड आलेल्या नाचणीत पिष्टमय भाग सैल करणारं द्रव्य असतं, त्यामुळे लापशी पाणी न वाढवता मऊ होते. पण खरपूस भाजली की ते द्रव्य नष्ट होतं. चमचा तिरका केला तर लापशी ओघळून जाऊ नये, हळूच सरकावी, इतपत दाट हवी.

आणि मासा. "दात नाहीत, मासा कसा देऊ?" सासूबाईंनी विचारलं. त्यांच्या घरात रोज बांगडा येतो आणि बाळाला त्यातला कणही मिळत नव्हता. तिखट-मीठ न लावता वाफवायचा, पाठीकडचा मांसल भाग काढायचा, दोन बोटांत चुरडत काटा लागतो का पाहायचं, आणि एक चमचा मऊ भातात कालवायचा. त्यातून प्रथिनं, बी 12 आणि मेंदूला लागणारी चरबी, तिन्ही मिळतात. मोरीसारखा मोठा मासा नको, त्यात पारा साठतो. एका वर्षाच्या आत मीठ, साखर, गूळ नको. मध तर अजिबात नको. आता दिवसातून दोन-तीन वेळा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. नऊ महिन्यांनंतर तीन-चार वेळा.

खरी चूक सापडली ती औषधाच्या बाटलीत. दुसऱ्या महिन्यापासून लोहाचे थेंब लिहून दिले होते. शी काळी झाली म्हणून आठवड्याभरात बंद केले. काळी शी लोहामुळे होतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. कमी वजनाचं बाळ जन्मतःच लोहाचा साठा कमी घेऊन येतं, म्हणून त्याला किलोमागे रोज 2 मिलिग्रॅम लागतं. या वजनाला 12-13 मिलिग्रॅम. थेंबांची ताकद बाटलीगणिक वेगळी असते, तेव्हा "इतके थेंब" असं ऐकीव माप चालवू नका, डॉक्टरांकडून मिलीमध्ये लिहून घ्या. सहा महिन्यांपासून आशाताई आठवड्यातून दोनदा 1 मिली लोहाचं सरबत देतात. आधीपासून थेंब चालू असतील तर ते त्यांना सांगायचं, दोन्ही एकत्र नको.

मशेरीचा विषय आम्हीच काढला. आई क्षणभर सासूबाईंकडे बघून म्हणाली, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत मळमळायचं तेव्हा लावायची, मग सवय झाली. भाजली तरी ती तंबाखूच. त्यातल्या निकोटीनने वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला पोचणारं रक्त घटतं. शेवटचे महिनेही नेमके पावसात आले होते: 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, घरात आमटी-भात आणि लोणचं, ओली लाकडं धुमसणारी चूल. धुराचाही बाळाच्या वजनावर परिणाम होतो. हे तिला दोष द्यायला सांगितलं नाही. पुढचं बाळ व्हायचं आहे आणि मशेरी अजून चालू आहे, म्हणून सांगितलं. सासूबाईंनी त्याच दिवशी विचारलं, "मी पण सोडू का?" घरात डबी राहिली तर सुनेची सुटणार नाही, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन 1800-11-2356 त्यांना लिहून दिली.

पुढच्या खेपेसाठी: दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचं अंतर. दिवस राहण्याआधीच हिमोग्लोबिन आणि जमल्यास बी 12 तपासून घ्यायचं. गरोदरपणी चौथ्या महिन्यापासून लोह-फॉलिकची गोळी 180 दिवस, कॅल्शियम वेगळ्या वेळी, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. चौथ्या महिन्यापासून जंताची गोळीही विचारून घ्यावी. आपल्या दमट मातीत अनवाणी चालण्याने अंकुशकृमी लागतो आणि तो रक्त पितो. बंदीच्या दोन महिन्यांसाठी अंडी, कुळथाची पिठी आणि भाजून पाण्यात धुतलेला जवळा यांची सोय मे महिन्यात करून ठेवायची.

लेकीचं वजन दर महिन्याला आणि लांबी दर तीन महिन्यांनी मोजायची ठरली. दोन महिने वजनाची रेघ आडवी राहिली तर लगेच यायचं. दोन वर्षांनंतर मात्र उलट लक्ष ठेवायचं: वजन उंचीला मागे टाकून पळू लागलं तर बिस्किटांचे पुडे आणि गोड पेयं बंद, अंगणात खेळणं जास्त. तीन वर्षांनंतर वर्षातून एकदा रक्तदाब. आणि शाळेत ती वर्गात सगळ्यांत बारीक असली, पण उंची तिच्या रेघेवर असली, तर तिला जाड करायला कुणी काही सुचवेल ते ऐकायचं नाही.